पाणी अडतंय की निसटतंय? घरच्या लॉनच्या स्प्रिंकलरमधला दाब आणि गळती

विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की स्प्रिंकलरवर तासभर काय बोलणार? प्लंबरला फोन केला की झालं. बरोबर आहे. पण प्लंबर येऊन काय करतो, यावर तुमचं किती पाणी वाया जाणार ते ठरतं. म्हणून सुरुवात दोन घरांच्या गोष्टीने करतो.

एकाच गल्लीतले दोन बंगले. दोघांकडे साधारण ३० फूट बाय ३० फूट लॉन. दोघांकडे जमिनीखाली हौद, त्यावर पंप, आणि लॉनमध्ये नऊ पॉप-अप. पॉप-अप म्हणजे पाणी आलं की जमिनीतून वर येणारे आणि बंद झालं की खाली बसणारे फवारे. तक्रारही दोघांची एकच होती : "फवारा पूर्वीसारखा लांब जात नाही. मधले पट्टे पिवळे पडलेत."

पहिल्या घरी सल्ला मिळाला, पंप कमी पडतोय, मोठा बसवा. बसवला. पंधरा दिवस सगळं छान दिसलं. फवारे पुन्हा लांब गेले. मग हौद लवकर रिकामा व्हायला लागला, टँकर वाढले, आणि एका कोपऱ्यात लॉनवर पाय ठेवला की पाय आत जायला लागला. खणून पाहिलं, तर पॉप-अपला खालून जोडणारा नळीचा तुकडा तडकला होता. नवा पंप तिथल्या मातीत जास्त जोराने पाणी ओतत होता.

दुसऱ्या घरी गळती बिळती काही नव्हती. पंपानंतरच्या फिल्टरची जाळी वर्षभर कोणी उघडलीच नव्हती. शेवाळ, गाळ, पाइपातला प्लास्टिकचा कीस. जाळी ब्रशने धुतली, संपलं. खर्च शून्य.

लक्षण एक, आजार दोन, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट. एका घरी पाणी निसटत होतं, दुसऱ्या घरी अडत होतं. आजच्या व्याख्यानातला एकच प्रश्न घरी न्या : दाब कमी आहे, तर पाणी अडतंय की निसटतंय? याचं उत्तर मिळाल्याशिवाय पंपाला, नोझलला, खिशाला, कशालाच हात लावायचा नाही.

दाब म्हणजे किती?

आपल्याकडे प्लंबर "दोन किलो प्रेशर" म्हणतात. ते खरं म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो. लक्षात ठेवायला सोपं गणित असं, की पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ म्हणजे १ किलो दाब. गच्चीवरची टाकी जमिनीपासून ८ मीटर वर असेल तर खाली नळाशी जास्तीत जास्त ०.८ किलो मिळतो. तोही पाणी स्थिर असताना. वाहायला लागलं की पाइपातल्या घर्षणात त्यातला काही जातो.

आणि पॉप-अप फवाऱ्याला किती लागतो? साध्या स्प्रे नोझलला साधारण २ किलो. गोल फिरत लांब धार टाकणाऱ्या रोटरला ३ किलोच्या आसपास. म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीवर स्प्रे नोझल नीट चालणं शक्यच नाही. ते टाकीचं किंवा नोझलचं दुखणं नव्हे. उंचीच तेवढी आहे.

दाब कमी असला की पाण्याची धार नीट फुटत नाही. थेंब मोठे राहतात, फवारा अर्ध्यातच पडतो आणि दोन फवाऱ्यांच्या मधला पट्टा कोरडा राहतो. दाब जास्त झाला तर उलटं. पाण्याचं धुकं होतं आणि वारा ते शेजारच्यांच्या गाडीवर नेऊन टाकतो. दिसायला छान कारंजं दिसतं, मुळांना काही मिळत नाही. तेव्हा जास्त दाब म्हणजे चांगला दाब, हा समज आधी काढून टाका.

दोन आकडे : बंद दाब आणि चालू दाब

एक वस्तू विकत घ्यायची. प्रेशर गेज. घड्याळासारखी तबकडी आणि काटा. आत वाकवलेली धातूची नळी असते. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा हलतो. फ्रान्सच्या यूजेन बूर्दाँने १८४९ साली याचं पेटंट घेतलं आणि अजून तेच तत्त्व चालतं. आपल्याला ० ते ७ किलोचा, शक्यतो ग्लिसरीन भरलेला गेज पुरतो, म्हणजे पंपाच्या थरथरीने काटा नाचत नाही. पंपाच्या पुढे पाइपात एक 'टी' टाकायची, टेफ्लॉन टेप गुंडाळून गेज बसवायचा. फिल्टर असेल तर एक गेज त्याच्या आधी, एक नंतर. जळगावकडे केळीच्या बागेत ठिबक चालवणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. फिल्टरच्या दोन बाजूंचे काटे बघूनच तो दिवस सुरू करतो. आपण शहरातले लोक मात्र गेजशिवाय चालवतो.

आता दोन आकडे टिपायचे. पहिला, बंद दाब. पुढचे सगळे व्हॉल्व्ह बंद आणि पंप चालू, तेव्हाचा. पंप असा बंद तोंडाने अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, आतलं पाणी तापतं. दुसरा, चालू दाब. सगळे फवारे नेहमीसारखे चालू असताना, दोन मिनिटं थांबून घेतलेला. हे दोन आकडे संच नवा असताना, किंवा दुरुस्तीनंतर सगळं नीट चालत असताना, पंपाशेजारच्या भिंतीवर तारीख घालून लिहून ठेवा. आजारपणात डॉक्टरला तुमचं नेहमीचं बीपी माहीत असलं की बरं पडतं, तसंच हे.

आता ते दोन बंगले घ्या. धडधाकट असताना दोन्हीकडे पंपापाशी चालू दाब २.८ किलो होता आणि फवाऱ्याशी २ किलो पोचत होता. मधले ०.८ फिल्टर, व्हॉल्व्ह आणि पाइप मिळून खात होते. तक्रारीच्या दिवशी दोन्हीकडे फवाऱ्याशी १.१ च होता. पण पंपापाशी?

पहिल्या घरी काटा २.८ वरून २.२ वर उतरला होता. दुसऱ्या घरी तो ३.३ वर चढला होता.

असं का? सेंट्रिफ्युगल पंपाचा स्वभावच तसा आहे. जास्त पाणी जायला लागलं की त्याचा दाब उतरतो, कमी पाणी गेलं की चढतो. पाइप फुटलाय म्हणजे पाण्याला एक जादाची वाट मिळाली. पाणी जास्त गेलं, दाब पडला. जाळी तुंबलीये म्हणजे वाट चिंचोळी झाली. पाणी कमी गेलं, अडथळ्याच्या अलीकडे दाब चढला, पलीकडे पडला. दुसऱ्या घरी फिल्टरच्या आधी ३.३ आणि नंतर जेमतेम १.४ होता. स्वच्छ जाळीवर हा फरक ०.२ च्या आसपास असतो. ०.५ च्या वर गेला की जाळी धुवायची वेळ झाली.

तर सूत्र असं : पंपापाशी दाब उतरला तर पाणी निसटतंय. पंपापाशी दाब चढला तर पाणी अडतंय.

एक अपवाद सांगतो. पंपाच्या आधीच अडथळा असेल, म्हणजे फूट व्हॉल्व्हवर कचरा बसलाय किंवा सक्शनच्या सांध्यातून हवा ओढली जातेय, तर पंपापाशीही दाब उतरतो आणि पाणीही कमी होतं. मग फक्त दाबावरून कसं ओळखणार? त्यासाठी पाणी मोजायला हवं.

काठीने मोजलेलं पाणी

वॉटर मीटर असेल तर उत्तमच. नसेल तर एक सरळ काठी पुरे.

आपल्या ३० बाय ३० च्या लॉनचा हिशेब करू. चार कोपऱ्यांत पाव-वर्तुळ नोझल, चार कडांच्या मध्यावर अर्ध-वर्तुळ आणि मधोमध एक पूर्ण-वर्तुळ. १५ फूट फेकणारं साधं नोझल २ किलोच्या आसपास दाबावर पूर्ण वर्तुळाला मिनिटाला साधारण १४ लिटर सोडतं. अर्ध्याला ७, पावला ३.५. बेरीज करा : १४ अधिक २८ अधिक १४. मिनिटाला ५६ लिटर. दहा मिनिटांत ५६० लिटर.

हौद समजा २ मीटर बाय दीड मीटर. म्हणजे पाणी १ सेंटिमीटर उतरलं की ३० लिटर गेलं. नळाचं येणारं पाणी बंद करा, घरात पाणी चढवणारी मोटर बंद ठेवा, काठी बुडवून खूण करा, स्प्रिंकलर दहा मिनिटं चालवा, परत काठी बुडवा. सगळं ठीक असेल तर पातळी १९ सेंटिमीटरच्या आसपास उतरेल. पहिल्या बंगल्यात जुन्याच पंपावर ती २२ उतरत होती. दुसऱ्यात जेमतेम १४.

२२ म्हणजे पाणी निसटतंय. १४ म्हणजे अडतंय, मग ते पंपाच्या पुढे असो वा मागे. १४ आहे आणि पंपापाशी दाबही कमी आहे, तर सक्शनकडे बघा. काठी आणि गेज दोन्ही मिळून खोटं बोलत नाहीत.

आता २२ आणि १९ मधला फरक तीनच सेंटिमीटर, म्हणजे ९० लिटर, असं वाटेल. पण गळती तेवढीच नाही. दाब पडल्यामुळे फवारेही कमी पाणी टाकत होते, ५६ ऐवजी ४१ च्या आसपास. एकूण ६६ जात होतं. म्हणजे मिनिटाला २५ लिटर मातीत. दहा मिनिटांत अडीचशे लिटर. शहरी घरगुती पाण्याचं आपल्याकडचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे जवळजवळ दोन माणसांचं दिवसाचं पाणी, रोज, लॉनच्या एका कोपऱ्यात.

आणि पंप मोठा केला की? ठरावीक आकाराच्या भोकातून जाणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दाब दुप्पट झाला तर पाणी साधारण १.४ पट. पण प्लास्टिकच्या पाइपातली चीर ठरावीक आकाराची राहत नाही. दाब वाढला की ती तोंड उघडते, म्हणून गळती त्याहूनही जास्त वाढते. मोठा पंप हा गळतीवरचा उपाय नाही, तो गळतीचा खुराक आहे.

गळती तीन वेळांची

निसटतंय एवढं कळलं. कुठून? यासाठी मी नेहमी आधी 'कधी?' विचारतो.

पहिली, चोवीस तास चालणारी. पंपापासून व्हॉल्व्हपर्यंतच्या मुख्य पाइपात कायम पाणी भरलेलं असतं. त्याला गच्चीवरची टाकी किंवा ऑटो प्रेशर पंप जोडलेला असेल, तर तिथली गळती कधीच थांबत नाही. मिनिटाला एक लिटर, म्हणजे अगदी बारीक धार, धरली तरी दिवसाला १४४० लिटर होतात. दहा माणसांचं पाणी. महिन्याला ४३ हजार लिटर, दहा हजारी टँकर चार. ओळखायची सोपी खूण म्हणजे रात्री घरात एकही नळ चालू नसताना प्रेशर पंप मधूनमधून आपोआप सुरू होतो. "आमचा पंप रात्री एकदोनदा घुर्रर्र करतो, जुना झालाय" असं लोक सांगतात. तो जुना झालेला नसतो, तुम्हाला हाक मारत असतो.

हिची चाचणी अशी. लॉनचे सगळे व्हॉल्व्ह बंद. पंप चालवून दाब भरा, पंप बंद करा, पंधरा मिनिटं काटा बघा. काटा उतरला तर गळती आहे. पण लगेच खणू नका. पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर पाणी मागे हौदात जातं आणि काटा तसाच उतरतो. म्हणून गेजच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला, बॉल व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करून चाचणी पुन्हा करा. आता काटा थांबला, तर दोष त्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा, पाइपाचा नाही. ही चाचणी पहाटे किंवा रात्री करा. दुपारी उघड्या पाइपातलं पाणी तापून फुगतं आणि काटा उगाच चढतो.

इथे एक घोटाळा होतो. काटा झरकन उतरला म्हणजे गळती मोठी, असं वाटतं. तसं नसतं. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे बंद पाइपातून कपभर पाणी गेलं तरी दाब कोसळतो. गेज सांगतो गळती आहे की नाही. किती आहे, ते हौदाची किंवा टाकीची काठीच सांगते.

दुसरी, फक्त फवारे चालू असतानाची. व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपात किंवा पॉप-अपच्या बुडाशी. वरची चाचणी ही पकडणार नाही. पहिल्या बंगल्यात ती चाचणी पास झाली होती! ही शोधायला फवारे चालू ठेवून लॉनवर अनवाणी चाला. पाय कुठे दबतो, कुठे बुडबुडे येतात, कोणता फवारा सगळ्यात कमजोर आहे ते बघा. तडकलेल्या सांध्याच्या जवळचे आणि पुढचे फवारे सहसा सगळ्यात लहान होतात. पॉप-अपच्या मानेतून सुरुवातीला क्षणभर पाणी आलं तर ते ठीक आहे, वर येताना तो स्वतःला धुतो. पूर्ण वर आल्यावरही गळत राहिला, तर आतलं रबर सील फाटलंय, किंवा दाबच इतका कमी आहे की सील घट्ट बसत नाही.

तिसरी, बंद केल्यानंतरची. व्हॉल्व्ह बंद झाला, तरी सगळ्यात खालच्या उतारावरचा फवारा गळतोय. इथे घड्याळ लावा. काही मिनिटांत थांबलं, तर ते पाइपात उरलेलं पाणी उतारावरून खाली येतंय. दोष नव्हे, पण रोज तेवढं पाणी वाया जातं. त्या फवाऱ्याला चेक व्हॉल्व्ह असलेला पॉप-अप लावला की प्रश्न मिटतो. तासाभरानेही थांबलं नाही, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये. आपोआप चालणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये रबराचा पडदा असतो. त्याखाली वाळूचा एक कण अडकला तरी तो गळतो. वीज आणि पाणी दोन्ही बंद करून व्हॉल्व्ह उघडा, पडदा धुवा, चिरलाय का बघा. बहुतेक वेळा धुण्यानेच काम होतं.

शेवटी डबे मांडा

दुरुस्ती झाली, काटा जागेवर आला. काम संपलं? अजून लॉनला विचारलेलं नाही. सरळ कडांचे, एकसारखे दहा-बारा डबे लॉनभर मांडा, स्प्रिंकलर दहा मिनिटं चालवा आणि प्रत्येकातलं पाणी पट्टीने मोजा. आपल्या उदाहरणात ५६० लिटर ८४ चौरस मीटरवर पडतात, म्हणजे सरासरी साडेसहा मिलिमीटर. एका डब्यात दहा आणि दुसऱ्यात तीन निघाले, तर तीनवाल्यासाठी तुम्ही वेळ वाढवता आणि दहावाल्याचं पाणी मुळांखाली निघून जातं. हीसुद्धा गळतीच, फक्त पाइप न फुटता झालेली. नोझल तुंबलंय, वाकडं झालंय, की समोर जास्वंद वाढून फवारा अडतोय, ते बघा.

हे सगळं वर्षातून दोनदा केलं तरी पुरे. एकदा पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास संच पुन्हा सुरू करताना, आणि एकदा उन्हाळा लागायच्या आधी. आणि पंपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. ओल्या लॉनवर अनवाणी उभं राहून विजेची वायर हाताळायची नाही.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : आमच्याकडे नळाला पाणी आलं की त्यालाच मोटर लावून स्प्रिंकलर चालवतात. चालेल का?*

नाही. महापालिका याला मनाई करतात आणि कारण फक्त शेजाऱ्याचं पाणी पळतं एवढंच नाही. मोटर ओढायला लागली की रस्त्याखालच्या पाइपात दाब बाहेरच्या मातीपेक्षा कमी होऊ शकतो. मग जिथे चीर आहे तिथून पाणी बाहेर जात नाही, बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. जवळून गटार गेलं असेल तर ते कोणाच्या तरी घोटात जातं. नळाचं पाणी आधी हौदात मोकळं पडू द्या, मग हौदातून उचला. स्प्रिंकलरला सांडपाणी शुद्ध करून वापरत असाल, तर ती लाइन पिण्याच्या लाइनला कुठेही, अगदी व्हॉल्व्ह लावूनसुद्धा, जोडू नका.

*प्रश्न : गळती जमिनीखाली आहे एवढं कळलं. सगळं लॉन खणायचं का?*

अजिबात नाही. दोन-तीन दिवस स्प्रिंकलर बंद ठेवा. कोरड्या लॉनमध्ये मग दहा मिनिटं चालवा आणि कुठे आधी ओल वर येते ते बघा. शंका असलेल्या जागी लांब लोखंडी सळई हलक्या हाताने टेकवून दुसरं टोक कानाशी धरा. पाइप अगदी जवळ असेल तर सूं आवाज येतो. सळई दाबून खुपसू नका, नाहीतर एकाच्या दोन गळत्या होतील. मग तिथेच खुरप्याने उकरा. पाणी उताराने लांब जाऊन वर येतं, म्हणून ओलीपासून चढाच्या बाजूला उकरत जायचं.

*प्रश्न : सर, टँकरचं पाणी घेणाऱ्या गावात लॉन ठेवावंच का?*

प्रामाणिक उत्तर देतो. उन्हाळ्यात या एवढ्याशा लॉनला दिवसाला तीन-चारशे लिटर लागतात. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत माझ्या मते ते ठेवू नये, किंवा निम्मं करून उरलेल्या जागी कमी पाण्याची झाडं लावावीत. तो तुमचा निर्णय. पण ठेवणार असाल, तर निदान ते पाणी गवताला मिळावं. गळक्या पाइपावर चालणारं लॉन ही दोन्हीकडून चूक आहे. पाणीही जातं आणि गवतही पिवळंच राहतं.

वेळ संपली. घरी गेल्यावर एवढंच करा, भिंतीवर खडूने आजची तारीख आणि गेजचे दोन आकडे लिहा. पुढच्या वेळी कोणी "पंप मोठा घ्या" म्हणालं, की त्याला आधी भिंतीकडे बोट दाखवा.